पाच टक्क्यांची हमी

ठाणे स्टेशन सोडून गाडी कल्याणच्या दिशेने निघाली की थोड्याच वेळात चाकांचा आवाज पालटतो. जमिनीवरची भरीव खडखड जाऊन पोकळ, घुमणारा नाद येऊ लागतो, आणि वर्तमानपत्रातून मान वर न काढताही जुन्या प्रवाशास उमगते की खाडी आली. या खाडीवर १८५४ साली जो पूल पुरा झाला तो सलग एक पूल नव्हता; पाण्याच्या प्रवाहांप्रमाणे तो दोन तुकड्यांत बांधला होता. बहुतेक काम दगडी कमानींचे. परंतु जेथे पाणी खोल, आणि ज्या वाटेने मचवे व पडाव ये-जा करीत, तेथे मात्र कमानी न घालता लोखंडी तुळयांचा सुमारे ८४ फुटांचा मोकळा गाळा ठेवला होता.

हिशेबनिसाच्या दृष्टीने हा गाळा म्हणजे निव्वळ जादा खर्च. दगड येथचाच, पाथरवट येथचेच. लोखंड मात्र जहाजातून विलायतेहून आणावयाचे. तरीही तो ठेवला गेला, कारण खाडीच्या पाण्यावर नावाड्यांचा वापर शतकानुशतके चालत आला होता. कल्याण बंदराचे नाव ग्रीक खलाशाच्या जुन्या प्रवासवृत्तांतात सापडते. शिवाजी महाराजांच्या आरमाराचा आरंभही याच खाडीकाठी झाला असे आपले इतिहासकार मानतात. अशा जलमार्गास आडवी भिंत घालणे कोणत्याही सरकारास सुचले नसते. म्हणून नावाड्यास वाट मिळाली. मात्र त्या वाटेने नेण्यास माल उरणार आहे की नाही, हा विचार नकाशात कोठेच नव्हता.

आपल्या देशातील या पहिल्या आगगाडीचा इतिहास आपण बहुधा उत्सवाच्या अंगाने सांगतो. १६ एप्रिल १८५३, शनिवारची दुपार, बोरीबंदरावर एकवीस तोफांची सलामी, चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ ही तीन इंजिने, आणि ठाण्यास तंबूत फराळ. हे सर्व खरे आहे व सांगण्यासारखेही आहे. परंतु आज मला दुसऱ्याच बाजूविषयी बोलावयाचे आहे. एवढे प्रचंड बांधकाम उभे राहते तेव्हा त्यात अनेकांचे हित गुंतलेले असते. त्यांपैकी कोणाचे हित कागदावर उतरते आणि कोणाचे वाऱ्यावर राहते, यावरूनच त्या कामाची खरी किंमत ठरते. मुंबई ते कल्याण ही रेषा या दृष्टीने फार बोलकी आहे.

मूळ कल्पना भांडुपची. मुंबई सरकारचे मुख्य इंजिनियर जॉर्ज क्लार्क १८४३ साली भांडुपास गेले असता, मुंबई, ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर हे दोन घाट लोहमार्गाने जोडावेत असे त्यांच्या मनात आले. पुढल्याच वर्षी मुंबईतील व्यापारी मंडळींनी ही गोष्ट उचलून धरली. तीत नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई हे अग्रभागी होते. नानांनी तर पुढे कंपनीच्या कचेरीसाठी आपल्या वाड्यातील जागा दिली. इकडे लंडनमध्ये जॉन चॅपमन नावाच्या एका धडपड्या गृहस्थाने ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे’ या नावाची कंपनी काढण्याचा घाट घातला. १८४५ साली तो स्वतः मुंबईस आला आणि सह्याद्रीच्या वाटा पाहून गेला. माळशेज घाटाचाही त्या काळी गंभीरपणे विचार झाला होता. तो विचार टिकला असता तर मुरबाडचे नशीब काही निराळेच झाले असते, पण तो एक आडवळणाचा विषय आहे.

आता पाहा, गाडी एकच, पण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोरची गाडी वेगळी. मँचेस्टरच्या गिरणीमालकांना वऱ्हाड-खानदेशचा कापूस हवा होता. तो बैलांच्या पाठीवरून घाट उतरेपर्यंत धुळीने माखे आणि पावसात सापडला तर कुजे. मुंबईच्या शेटसावकारांना बंदराचा व्यापार वाढवावयाचा होता. कंपनी सरकारचे लक्ष फौजेच्या हालचालींवर. पण पदरचे पैसे घालण्यास ते कचरत होते. आणि ज्याच्या पैशावाचून एक रूळही पडणार नव्हता त्या लंडनच्या भागधारकास कापूस, फौज, मुंबई यांपैकी कशाचेच सोयरसुतक नव्हते. त्याला व्याज हवे होते, आणि ते ठरलेल्या तारखेस हवे होते.

या चौघांची मोट बांधण्यास चार-पाच वर्षे गेली. अखेर १ ऑगस्ट १८४९ रोजी पार्लमेंटच्या कायद्याने कंपनी स्थापन झाली आणि १७ ऑगस्ट १८४९ रोजी तिचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. पाच लक्ष पौंड भांडवल उभारून मुंबईपासून कल्याणपर्यंतची रेषा प्रथम ‘प्रयोग’ म्हणून बांधावयाची. जमीन सरकारने नव्याण्णव वर्षांसाठी फुकट द्यावयाची. भांडवलावर दरसाल शेकडा पाच व्याजाची सरकारने हमी घ्यावयाची. उत्पन्न कमी पडले तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरावयाची. नफा पाच टक्क्यांवर गेला तर त्या वरकडीतून सरकारने पूर्वी दिलेले व्याज फिटेतो निम्मा वाटा सरकारचा. हिशेबासाठी रुपयाचा भाव एक शिलिंग दहा पेन्स धरलेला. पुढे चांदी घसरली, बाजारात रुपयाला तेवढे शिलिंग-पेन्स येईनासे झाले. कंपनीचा हिशेब मात्र त्याच दराने चालू राहिला, आणि फरक कोणाच्या बोडक्यावर बसला हे सांगावयास नकोच.

या करारात सरकारने आपला हात अगदीच सोडला होता असे मात्र नाही. लंडनच्या संचालक मंडळावर सरकारचा एक माणूस असे आणि त्याला नकाराधिकार असे. मुंबईस सरकारचा स्वतंत्र सल्लागार इंजिनियर असे, व त्याच्या संमतीवाचून आराखडा अगर खर्च मंजूर होत नसे. म्हणजे एका पुलाचा कागद कंपनीच्या इंजिनियराकडून सरकारच्या इंजिनियराकडे, तेथून लंडनकडे, आणि बोटीने परत असा फिरे. वेळ भरपूर जाई. मात्र काटकसर त्यातून साधली असे म्हणवत नाही. ज्याने खर्च करावयाचा त्याला बुडण्याची भीती नाही, आणि ज्याने खर्चावर नजर ठेवावयाची त्याच्याही खिशाला चाट नाही. दोन्ही बाजूंस माणसे सज्जन असली तरी अशा व्यवस्थेत पैशाला पाय फुटतात.

आणि सज्जन माणसे होती, हेही सांगितले पाहिजे. कंपनीचा मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले १८५० च्या आरंभी मुंबईस आला तेव्हा त्याला तिशी नुकती कोठे उलटली होती. रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखालचा हा माणूस. त्याची दृष्टी केवळ रुळापुरती नव्हती. एतद्देशीय मक्तेदारांना काम द्यावे, त्यांच्यावर विश्वास टाकावा, असे त्याचे धोरण होते. जमशेटजी दोराबजी या पारशी मक्तेदाराने या रेल्वेची एकामागून एक कामे घेऊन पुरी केली आणि बर्कलेने त्यांची मोकळ्या मनाने वाखाणणी केली. त्या काळच्या साहेबाकडून असे शब्द सहज येत नसत. बर्कलेची प्रकृती मात्र येथील हवेने आणि कामाने खचली. १८६२ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तो विलायतेत वारला. बोरघाटातून गाडी गेलेली त्याला पाहावयास मिळाली नाही.

प्रत्यक्ष कामाचा नारळ ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ फुटला. शीवेची दलदल भरून काढीत रेषा पुढे सरकली. ठाण्यापर्यंतचा मक्ता फॅव्हिएल व फाउलर या इंग्रज जोडीकडे होता. ठाण्यापुढे खाडीवरील पूल आणि पारसिकच्या डोंगरातील दोन लहान बोगदे एवढीच काय ती अवघड कामे. १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणास पोहोचली आणि ‘प्रयोग’ संपला. वाटेवरच्या डोंबिवलीचे नाव तेव्हा आसपासच्या खेड्यांपलीकडे क्वचितच कोणास ठाऊक असेल.

जमिनीची गोष्ट येथे दोन वाक्यांत सांगतो. भातखाचरे आणि मिठागरे सरकारने ताब्यात घ्यावयाची, आणि कंपनीस ती फुकट मिळावयाची. सार्वजनिक कामासाठी जमीन घेण्याचा, सर्व ब्रिटिश मुलखाला लागू असणारा कायदा झाला तो १८५७ साली, म्हणजे कल्याणास गाडी आल्यावर तीन वर्षांनी. शेतकऱ्याला मोबदला मिळाला तरी तो एकदाच मिळावयाचा. भागधारकाचे पाच टक्के दरसालचे होते.

पण हमी नसलेल्यांत सर्वांत मोठा समुदाय मजुरांचा, आणि त्याची कथा समजून घेण्यासाठी कल्याणच्या पुढे जावे लागते. कल्याणपासून एक फाटा थळघाटाकडे व दुसरा बोरघाटाकडे निघाला. दुसरा फाटा १८५६ च्या मे महिन्यात घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीस पोहोचला. तो कर्जत तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यातच मोडत असे, तेव्हा ही आपल्याच जिल्ह्याची हकीकत समजण्यास हरकत नाही. सुमारे पावणेसोळा मैलांत १८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. हा मक्ताही फॅव्हिएलनेच घेतला. त्याच्याखाली पोटमक्तेदार, पोटमक्तेदारांखाली मुकादम, आणि मुकादमाखाली देशावरून बायकापोरांसह उतरलेली हजारो माणसे, अशी ही उतरंड होती. कंपनी मक्तेदाराला पैसे देई, मक्तेदार पोटमक्तेदाराला, आणि शेवटच्या मडक्यापर्यंत पोहोचेतो पुष्कळदा काही उरत नसे. १८५९ च्या जानेवारीत मजुरांच्या सहनशक्तीचा अंत झाला. थकलेल्या मजुरीसाठी घाटात दंगल उसळली, गोऱ्या देखरेखकारांवर हल्ले झाले. सरकारी चौकशी झाली, आणि मजुरांची तक्रार निराधार नाही असेच तीत दिसून आले. दोनच महिन्यांत फॅव्हिएलने मक्ता सोडला.

यानंतरची हकीकत एखाद्या कादंबरीत शोभावी. नवा मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून पत्नीसह आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून मरण पावला. परक्या मुलखात, पावसाळा नुकताच ओसरत असता, हाती एवढे थोरले काम टाकून नवरा गेला. कोणीही बाई परतीची बोट पाहती. अ‍ॅलिस ट्रेडवेल राहिली. नवऱ्याच्या इंजिनियरांना हाताशी धरून तिने मक्ता पुढे चालविला आणि पुरा करून दिला. १८६१ साली घाटात एका वेळी ४२,००० माणसे राबत होती. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाट खुला झाला. पण मध्यंतरी पटकीने किती माणसे नेली याचा नीट हिशेब कोणी ठेवला नाही. बोगदे पंचवीस, पूल आठ, चढण १८३१ फूट, खर्च सुमारे अकरा लक्ष पौंड. आकड्यांची ही एवढी शिस्त मृतांच्या बाबतीत कोठे गेली, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

दंगलीचा एक परिणाम मात्र कायद्याच्या पुस्तकात उतरला. १८६० चा नववा कायदा रेल्वे, कालवे आणि इतर सार्वजनिक कामांवरील मजुरीच्या तंट्यांचा मॅजिस्ट्रेटने झटपट निकाल करावा यासाठी झाला. मजुराला दाद मागण्याची जागा मिळाली, हे खरे. परंतु त्याच कायद्याने, काम अर्धवट टाकून जाणाऱ्या मजुराला शिक्षेचीही तरतूद केली. मक्ता सोडून जाणाऱ्या मक्तेदारास मात्र तुरुंगाचे भय नव्हते.

एवढा पैसा ओतून काम तरी पक्के झाले काय? १८६७ च्या जुलैत, भर पावसात, बोरघाटातील ‘मऊ की मळी’चा पूल, नुकतीच एक गाडी त्यावरून गेलेली असता, कोसळला. दैवाने प्राणहानी टळली. पण बांधकामाची चौकशी झाली तेव्हा दगडी कामातील कसूर उघडी पडली. पुढे १८७२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे हिंदुस्थानचे माजी अर्थमंत्री विल्यम मॅसी यांची साक्ष झाली. सर्व पैसा इंग्रज भांडवलवाल्याचा, आणि हिंदुस्थानच्या महसुलातून पाच टक्के मिळण्याची त्याला शाश्वती. मग आपला पैसा हुगळीत टाकला जातो की विटा-चुन्यात घातला जातो याची त्याने फिकीर का करावी, अशा आशयाचे त्यांचे बोल आहेत. टीकाकारांनी असे म्हटले असते तर आकसाने म्हटले असे कोणी म्हणते. हा गृहस्थ खुद्द तिजोरीच्या चाव्या सांभाळून गेलेला होता. दादाभाई, रानडे, गणेश व्यंकटेश जोशी या आपल्या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे रेल्वेच्या खर्चावर जी टीका केली तिचे मूळ याच हमीत आहे.

माझे स्वतःचे मत असे आहे की हमी देणे हीच चूक, असे सरसकट म्हणता येणार नाही. १८४९ साली हमीवाचून लंडनचा पैसा आला असता असे मानण्यास आधार नाही, आणि मुंबईच्या शेटमंडळींकडे उत्साह असला तरी सह्याद्री फोडण्याइतके भांडवल एकट्याने घालण्याची त्यांची तयारी नव्हती. चूक होती ती हमीच्या एकांगीपणात. भागधारकाला व्याजाची शाश्वती देताना, मजुराची मजुरी कंपनीने परस्पर चुकती करावी, अगर पूल पडला तर त्याचा भार भागधारकाच्या व्याजावरही काही अंशी पडावा, अशी एखादी कलमे त्याच करारात घालणे काही अशक्य नव्हते. लेखणी तीच होती, कागद तोच होता.

आणि गंमत पाहा, ज्याला करारात स्थानच नव्हते त्यानेच ही रेल्वे तारली. कंपनी काढताना सारी भिस्त मालावर होती. हिंदुस्थानातील माणूस गरीब, जातिभेदाने बांधलेला. तो काय प्रवास करणार, असे भाकित अनेक जाणत्यांनी केले होते. प्रत्यक्षात तिसऱ्या वर्गाच्या डब्यांवर लोकांची झुंबड उडाली. कोणाच्या शेजारी कोण बसले याची चर्चा ओसरीवर होत राहिली, आणि चर्चा करणारेही तिकीट काढीत राहिले. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली निघाले. त्यात आगगाडीला जागा मिळाली आहे. म्हणजे दहा वर्षांतच हा लोखंडी पाहुणा घरचा झाला होता.

खाडीचे मात्र उलट झाले. जो गाळा नावाड्यांसाठी मोकळा ठेवला होता तो मोकळाच राहिला, पण कल्याणचा माल हळूहळू पाण्यावरून रुळांवर चढला. बंदर मागे पडले आणि जंक्शन पुढे आले. पारसिकच्या डोंगरातून १९१६ साली सुमारे सव्वा किलोमीटर लांबीचा मोठा बोगदा झाला आणि मुंब्र्याचा वळसा टळला. ज्या डोंबिवलीचे नाव मघाशी क्वचित कोणास ठाऊक म्हटले तेथून आज रोज सकाळी अवघे शहरच गाडीत चढते. ठाणे ते दिवा यांमधील पाचवी व सहावी रेषा २००८ साली मंजूर झाली आणि १८ फेब्रुवारी २०२२ रोजी वाहतुकीस खुली झाली. म्हणजे मुंबई ते कल्याण हा सबंध मार्ग मंजुरीपासून जेवढ्या काळात बांधून झाला त्याच्या दुपटीहून अधिक काळ या थोड्याशा अंतरास लागला. भागधारकांची संख्या आता फार मोठी आहे, हे त्याचे एक कारण. रुळांलगत घरे आहेत, खाडीकाठी कांदळवन आहे, आणि प्रत्येकाला आज बोलावयास जागा आहे, जी १८४९ साली नव्हती. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन भरगच्च गाड्या एकमेकींजवळून जात असता दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि काहींचे प्राण गेले. त्यांच्या खिशात तिकीट वा पास असेल. हिशेबात त्यांची जागा दाराच्या बाहेर होती.

करारातल्या पाच टक्क्यांचे पुढे काय झाले, तेवढे सांगावयाचे राहिले. १ जुलै १९०० रोजी सरकारने ही रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. पण किंमत रोकडीने न देता वार्षिक हप्त्यांनी द्यावयाचे ठरले, आणि त्या हप्त्यांची मुदत मूळ करारास नव्याण्णव वर्षे पुरी होतील त्या दिवसापर्यंत धरली होती. तो दिवस म्हणजे १७ ऑगस्ट १९४८.